नंदाच्या गावी दोन तास

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाऊन आलेली माणसं तळ्यांचे फोटो दाखवतात. आमच्याकडेही आहेत, कुणी घरी आलं की संजय टीव्हीवर लावतो. पण मला लिहायचंय ते एका अशा गावाबद्दल, जे कुठल्याच सहलीच्या यादीत नसतं. गावाचं नाव मी देणार नाही. तिथली नर्स माझी मैत्रीण आहे आणि हे असं छापून आलेलं तिला आवडणार नाही. ओटागोच्या आतल्या भागात, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका कोरड्या पठारावर ते गाव आहे, इतकं पुरे.

मी ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागात नर्स आहे. घर फ्लॅट बुशला. संजय पेनरोजच्या एका मोठ्या गोदामात कुठला ट्रक किती वाजता कुठे पोचायचा हे ठरवतो आणि घरीही तेच करतो. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी ऑकलंडला वर्धापनदिनाची सुट्टी असते, ती धरून आम्ही तीन दिवस दक्षिणेला गेलो. मुलगी आली नाही. आईबाबांबरोबर तीन दिवस गाडीत म्हणजे ‘हीप्स बोरिंग’, भयंकर कंटाळवाणं, असं तिने इंग्रजीत सांगितलं. आम्ही मराठीत आग्रह केला, तिने पुन्हा इंग्रजीत नकार दिला.

शनिवार, टेकापो

क्राइस्टचर्चला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि दुपारी टेकापोच्या तळ्यावर पोचलो. पाण्याचा रंग फोटोत दिसतो तसाच असतो, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात मिसळल्यामुळे तो तसा दिसतो म्हणे. काठावर एक चिनी कुटुंब लग्नाचे फोटो काढत होतं. नवरीच्या पांढऱ्या झग्याखाली जँडल्स होत्या, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला. वारा इतका होता की तिचा पदर, म्हणजे ते मागचं जाळीचं कापड, संजयच्या तोंडावर येऊन बसलं. तिघं-चौघं धावले. संजयने ते घडी घालून परत दिलं.

तिथल्या बाकावर बसून मी नंदाला मेसेज लिहिला. संजयने केलेल्या प्रवासाच्या यादीत सोमवारी आम्ही क्रॉमवेलहून डनीडनच्या विमानतळाकडे जाणार होतो आणि तो रस्ता नंदाच्या गावातून जात होता. यादी करताना मी गप्प बसले होते, आणि तो रस्ता त्यानेच निवडला होता, तोही गप्प बसून.

नंदा आणि मी मिरजेला नर्सिंगच्या होस्टेलात एका खोलीत तीन वर्षं राहिलो. ती जयसिंगपूरची, मी तासगावची. मी न्यूझीलंडला आले, आणि वर्षभराने माझ्याच सांगण्यावरून तीही नवऱ्याला घेऊन आली. आम्ही तेव्हा हेन्डरसनला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. त्यातल्या एका खोलीत ती आणि अविनाश सात महिने राहिले. मग तिला ओटागोच्या या गावात नोकरी लागली. एक वर्षासाठी जाते म्हणाली आणि तिथलीच झाली. अविनाश तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला.

अविनाश वारला तेव्हा ऑकलंड बंद होतं. साथीचे दिवस होते. शहराच्या सीमेवर पोलीस उभे होते आणि बाहेर जायला परवानगी लागत होती. मी जाऊ शकले नाही हे खरं आहे. पण नंतर सीमा उघडली, विमानं सुरू झाली, तरी मी गेले नाही, हेही तितकंच खरं. पहिल्या महिन्यात ‘थोडी गर्दी ओसरली की जाऊ’ असं म्हणत राहिले. दुसऱ्या महिन्यात उशीर झाल्याची लाज वाटायला लागली. मग जितका उशीर होत गेला तितकी लाज वाढत गेली. आमचे फोन कमी झाले, मग वाढदिवसापुरते उरले, मग तेही थांबले.

मी लिहिलं, ‘सोमवारी दुपारी तुझ्या गावावरून जाणार आहोत. येऊ का?’ उत्तर तीन तासांनी आलं. ‘या. साडेबाराला जेवायला. भात लावते.’

संजयने फोनवरच्या यादीत एक ओळ वाढवली. सोमवार, साडेबारा ते अडीच, नंदा.

रविवार, क्रॉमवेल

लिंडिसची खिंड ओलांडली की हिरवा रंग संपतो. दोन्ही बाजूंना पिवळट गवताचे डोंगर, एकही झाड नाही, आणि दुपारच्या उन्हात ते एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखे मऊ दिसतात. आमच्याकडे मे महिन्यात माळ असा दिसतो, पण तिथे कुठेतरी एखादी बाभूळ असते, शेळ्या असतात, माणूस असतो. इथे अर्धा तास गाडी चालवली तरी समोरून दोनच वाहनं आली. दोन्ही चालकांनी स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आम्हाला नमस्कार केला. संजयने तिसऱ्याला आपणहून बोट दाखवलं आणि खूश झाला.

क्रॉमवेलला रस्त्याच्या कडेला जर्दाळूंचं दुकान होतं. आपण जर्दाळू म्हणतो तो सुकलेला, सुरकुतलेला. हा ताजा, गाल लाल झालेला, आणि दाताखाली आला की रस मनगटापर्यंत. दुकानातल्या बाईने चार जाती चाखायला दिल्या आणि कुठल्या मुरंब्याच्या, कुठल्या नुसत्या खायच्या, हे समजावून सांगितलं. मी नंदासाठी एक खोका घेतला. मग वाटलं, चार वर्षांनी जाताना हातात जर्दाळूंचा खोका घेऊन जायचं? पण रिकाम्या हातानेही जाववत नव्हतं.

सोमवार

बारा पंचवीसला गावात शिरलो. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी दुकानं, निम्मी बंद. एका जुन्या बँकेत आता जुने कपडे विकतात. सायकलवरून फिरणारी चार म्हातारी माणसं डेअरीच्या सावलीत आइस्क्रीम खात बसली होती. डेअरी म्हणजे इथे दुधाची नव्हे, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ऑकलंडची सुट्टी इथे लागू नव्हती, त्यामुळे दवाखाना उघडा होता.

आत एकच बाई होती, स्वागताला बसणारी शेरिल. पन्नाशीची, उन्हाने भाजलेली, पायात जँडल्स. ‘किया ओरा, तुम्ही नंदाची ऑकलंडची माणसं ना?’ असं माओरी नमस्कारासकट विचारून तिने सांगितलं की नंदा वीस मिनिटांपूर्वीच निघून गेली. इथून बारा किलोमीटरवर ग्रॅम नावाच्या मेंढपाळाची चारचाकी मोटरसायकल उतारावर उलटली होती आणि तो तिच्याखाली सापडला होता. गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतो, बाकीचे दिवस नंदाच. घर उघडं आहे, जेवण तयार आहे, त्यांना जेवायला सांग, असा निरोप ती ठेवून गेली होती.

नंदाचं घर दवाखान्याच्या मागेच होतं. दाराला कुलूप नव्हतं. आत शिरताच फोडणीचा वास आला, आणि मी उंबऱ्यातच थांबले. टेबलावर तीन ताटं, झाकलेली आमटी, भात, आणि परसातल्या शेपूची मूगडाळ घालून केलेली भाजी. भिंतीवर अविनाशचा फोटो होता. हार नव्हता. गुडघाभर बर्फात फावडं घेऊन उभा, हसतोय. संजय त्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो, पण वाढून कुणीच घेतलं नाही.

एक वाजला. संजयने घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे न बघता खिशात हात घातले. अडीचला निघायचं म्हणजे निघायचंच होतं, विमान साडेपाचचं आणि विमानतळ दोन तासांवर. मला वाटून गेलं की ही भेट अशीच होणार. आम्ही जर्दाळू टेबलावर ठेवून, चिठ्ठी लिहून निघून जाणार. आणि खरं सांगायचं तर, तेवढ्या विचाराने मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात शेरिल दारात आली. हेलिकॉप्टर दुसऱ्या कामावर होतं, यायला तास लागणार होता. गावातली रुग्णवाहिका स्वयंसेवक चालवतात, ती सकाळीच एका आजीबाईंना घेऊन डनीडनला गेली होती, आणि मोडलेला पाय ताणून बांधायचं साधन तिच्यातच होतं. नंदा एकटी होती. शेरिलने विचारलं, ‘तू इमर्जन्सीत काम करतेस ना? येतेस?’

मी चपला घातल्या आणि तिच्या गाडीत बसले. संजयकडे पाहायला वेळ झाला नाही.

मातीच्या रस्त्यावर तिने गाडी पळवली. मी विचारलं, नंदाने मला बोलावलंय का? शेरिलने आधी एक वळण घेतलं. मग म्हणाली की नाही, हे माझंच डोकं. शेरिल बोलत राहिली. नवरा गेल्यावर पाचव्या दिवशी नंदा कामावर आली. गावाने रीतीप्रमाणे तिच्या दारात जेवणं आणून ठेवली. कुणी मेल्यावर इथे घरोघरी भांडी पोचतात, आपल्याकडे शेजारी पिठलं-भात आणतात तशीच. पण सगळ्यांनी आणली ती गोमांसाची. दोन फ्रीझर भरले. नंदा सगळ्यांना थँक यू म्हणाली आणि महिनाभर पाव खाऊन राहिली. शेवटी शेरिलच्याच लक्षात आलं. तिने एका दुपारी सगळी भांडी गाडीत भरून ज्याची त्याला परत केली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक अंडी आणि भाजी आणायला लागले. शेरिलने हे हसत सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

ग्रॅम उतारावरच्या गवतात आडवा होता. साठीचा, अंगाने आडमाप. मोटरसायकल त्याच्या मुलाने आणि शेजाऱ्याने दोराने ओढून बाजूला केली होती. बायको त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. नंदा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलेली होती. केस अर्धे पांढरे झालेले, तेवढं मी पाहिलं. मांडीचं हाड मोडलं होतं. मांडी फुगत चालली होती, आणि एका हाताने पाय ओढून धरून दुसऱ्या हाताने शीर शोधणं कुणालाच जमणारं नव्हतं.

तिने मान वर केली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, आणि तिने तो घालवलाही नाही.

‘हातमोजे घाल,’ ती म्हणाली. ‘पाय धर.’

मी त्याच्या पायाशी बसले, घोटा आणि टाच दोन्ही हातांनी धरली आणि मागे कलले. हळू, सरळ, एकसारखं. मिरजेला हाडांच्या वॉर्डात आम्हा दोघींना हे सिस्टरांनी शिकवलं होतं, आळीपाळीने एकमेकींचे पाय धरायला लावून. ग्रॅम ओरडला, मग त्याचा श्वास सुटला, मग तो शिव्या द्यायला लागला. नंदा म्हणाली, चांगलं लक्षण आहे. तिने शीर शोधली, सलाइन लावलं, दुखणं कमी करणारं औषध दिलं, पाच मिनिटांनी रक्तदाब पाहिला, हातमोज्यावर पेनाने लिहिला. बोलणं फक्त कामापुरतं झालं. चिकटपट्टी दे म्हणायच्या आधी शेरिलने दिलेली असायची. मला मात्र काहीच देता येत नव्हतं, कारण पाय सोडता येत नव्हता.

वीस मिनिटं झाली. औषध चढलं, ग्रॅम शांत झाला. वारा गवतातून जात होता. नंदा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत मराठीत म्हणाली, ‘तेव्हा तू येऊ शकत नव्हतीस, ते मला कळत होतं. नंतर का नाही आलीस?’

माझे दोन्ही हात अडकलेले होते. उठून पाणी आणायला जाता येत नव्हतं की चष्मा पुसता येत नव्हता. मी जे होतं ते सांगितलं. लाज वाटली, म्हणाले. उशीर झाला म्हणून लाज, आणि लाज म्हणून आणखी उशीर. आणि मग जे मी संजयलाही कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. अविनाशचे अंत्यविधी फोनवर दाखवत होते तेव्हा मी ड्युटीवर होते. चहाच्या खोलीत उभं राहून मी आठ मिनिटं पाहिलं आणि फोन बंद केला. कामावरून कुणी बोलावलं नव्हतं. मला बघवलं नाही म्हणून बंद केला.

नंदाने पट्टा पुन्हा बांधला. तो फुगला, ओसरला. तिने आकडा लिहिला.

‘आठ मिनिटं तरी पाहिलंस,’ ती म्हणाली. ‘मी तिथे उभी होते आणि मला त्यातलं काही आठवत नाही.’ मग आकड्याखाली वेळ लिहीत, ‘मी वाट बघत होते, मेधा. वर्षभर. मला वाटलं, मी तुला नकोशी झाले.’

ग्रॅमने डोळे उघडले आणि विचारलं, तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलताय का? नंदा म्हणाली, ‘नाही रे बाबा, जेवणाबद्दल,’ आणि हे मराठीतच म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने इंग्रजीत सांगितलं. ग्रॅम ‘स्वीट ॲज’, म्हणजे मग ठीक आहे, म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. मी रडत होते आणि पाय सरळ धरून होते.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा गवत जमिनीला चिकटलं आणि छत्री उडाली. त्यांच्या माणसांनी साधन लावलं, ग्रॅमला उचललं, नंदाने हातमोज्यावरचे आकडे वाचून दाखवले. सगळं सहा-सात मिनिटांत झालं. धूळ बसली तेव्हा मी अजून तिथेच बसले होते. माझी बोटं उघडत नव्हती. नंदा समोर येऊन बसली आणि तिने ती एकेक करून सोडवली, आणि तळवे चोळत राहिली. अंगठ्याने, जोरात, आम्ही पेशंटचे चोळतो तसे.

घरी आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. संजयने आमटी गरम केली होती, भातावर पाण्याचा हबका मारून तो वाफवला होता आणि जर्दाळू धुऊन ठेवले होते. यादीबद्दल तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला की तीनला निघालं तरी चालेल, त्याने रस्ता पुन्हा मोजलाय. आम्ही बारा मिनिटांत जेवलो. नंदाने विचारलं, मुलगी मराठी बोलते का? संजय म्हणाला, समजतं तिला सगळं, विशेषतः जे तिच्यापासून लपवायचं असतं ते. नंदा हसली. ते हसणं होस्टेलातलंच होतं, जरा वरच्या सुरात संपणारं.

तिने सांगितलं की जयसिंगपूरला आई एकटी आहे, ब्याऐंशीची. अविनाश गेल्यापासून नंदा भारतात गेली नव्हती. संजयने विचारलं, बदली नर्स मिळत नाही का? उन्हाळ्यात मिळते, ती म्हणाली, पण उन्हाळ्यात इथे सायकलवाले आणि अपघात, तेव्हा निघता येत नाही. जून-जुलैच्या हिवाळ्यात काम कमी असतं, पण तेव्हा या बर्फात कोण येणार? तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेपूची भाजी आणखी वाढली.

तीन वाजता आम्ही निघालो. ती फाटकापर्यंत आली. मला मिठी मारली नाही, आम्ही दोघी तशा नव्हतोच कधी. माझ्या खांद्यावरची गवताची काडी काढली, इतकंच.

डनीडनच्या वाटेवर अर्ध्या तासाने डोंगर हळूहळू हिरवे व्हायला लागले, समुद्र जवळ आल्याचा गारवा आला. मी म्हणाले, मला एक विचारायचंय. संजय म्हणाला, ‘जुलैमध्ये तुझी तीन आठवडे रजा शिल्लक आहे. मी पाहून ठेवलीय.’ विमान आम्हाला मिळालं, दार बंद व्हायच्या जरा आधी.

या गोष्टीला आता चार महिने झाले. ग्रॅमच्या मांडीत सळई घातली. तो कुबड्या घेऊन मेंढ्यांना हाका मारतोय, असा फोटो शेरिलने पाठवला. जुलैत नंदाच्या जागी काम करायला जाते म्हटल्यावर माझ्या हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सने आधी भुवया उंचावल्या, मग सही केली. खेड्यात एकटीने काम करायचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते मी शनिवार-रविवार धरून पुरं केलं. नंदाने कामांची अठरा पानी यादी पाठवली आहे. कुठल्या आजोबांना औषध घेतल्याचं खोटं सांगायची सवय आहे, कुठल्या घराचा कुत्रा चावतो, कुणाच्या दारात गाडी बर्फात रुतते. संजयने ती छापून क्रमवार लावली.

ती जयसिंगपूरला असेल तेव्हा मी तिच्या घरात असेन, म्हणजे तेव्हाही आमची भेट जवळजवळ होणार नाही म्हणायची. तिचं विमान डनीडनहून सुटणार त्याच दुपारी माझं तिथे उतरणार. मधे चाळीस मिनिटं मिळतात. विमानतळावर एक छोटं उपाहारगृह आहे, तिथे चहा प्यायचा, असं आम्ही ठरवलंय. परवा रात्रीच्या जेवणानंतर तिचा फोन आला होता. लोकरीचे मोजे किती जोड आणायचे, ते सांगितलं, घरातल्या शेगडीत लाकूड कसं रचायचं ते सांगितलं, आणि मग म्हणाली, ‘मेधा, तुझं विमान लेट झालं तर मी माझं सोडीन. आईला मी तसं सांगून ठेवलंय.’